दुसऱ्या जेकची फाइल : प्रकल्प नोंदी

१ जून २०२४, शनिवार

विषय पक्का. ‘द टू जेक्स’ (१९९०) या चित्रपटावर मराठीत व्हिडिओ-निबंध, वीसेक मिनिटांचा. संहिता आणि आवाज माझा, संकलन मैत्रिणीकडे, ध्वनीचं तिचा धाकटा भाऊ बघणार. मानधन कुणालाच नाही. चहा माझ्याकडून.

हाच चित्रपट का? या महिन्याच्या २० तारखेला ‘चायनाटाउन’ला पन्नास वर्षं होतायत. त्यावर जगभर लिहून येईल आणि बरंच चांगलं येईल. सोळा वर्षांनी आलेल्या उत्तरार्धाची मात्र ‘फसला’ या एका शब्दात बोळवण होते. तो कसा फसला, हे उलगडून सांगायच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही. लेखक तोच, रॉबर्ट टाउन. नायक तोच, जॅक निकल्सन. निर्माता रॉबर्ट एव्हन्स, स्टुडिओ पॅरामाउंट, शहर लॉस एंजेलिस. पहिल्याचा दिग्दर्शक रोमान पोलान्स्की तेवढा नाही. तो १९७८ मध्ये अमेरिकेतून पळाला तो परत गेलाच नाही. या वेळी दिग्दर्शनाच्या खुर्चीतही निकल्सनच.

‘पोलान्स्की नव्हता, म्हणून पडला’ असं म्हणून मोकळं होता येईल. पण त्याच्या नसण्यानं पडद्यावर नेमकं काय बदललं, हे दाखवता आलं तरच निबंधाला अर्थ आहे.

एक निर्णय आजच घेऊन टाकला. पहिल्या चित्रपटाचं रहस्य फोडायचं. ते लपवून उत्तरार्धाबद्दल बोलताच येत नाही. सुरुवातीला पाटी टाकू.

४ जून, मंगळवार

निकालाचा दिवस. सगळे टीव्हीसमोर. काम शून्य.

८ जून, शनिवार

‘चायनाटाउन’ पुन्हा पाहिला, वही घेऊन. या वेळी गोष्टीकडे लक्ष द्यायचं नाही, नायक, म्हणजे खाजगी गुप्तहेर जेक गिटिस, कुठे उभा आहे एवढंच टिपायचं, असं ठरवून बसलो होतो.

तो प्रत्येक प्रसंगात आहे. कॅमेरा वारंवार त्याच्या खांद्यामागून बघतो. त्याला दुर्बिणीतून दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, दाराआडून ऐकू येतं तेवढंच ऐकू येतं. संत्र्याच्या बागेत मार खाऊन तो बेशुद्ध पडतो तेव्हा पडदा काळा होतो आणि तो डोळे उघडतो तेव्हाच परत उजळतो. त्याच्या शुद्धीबाहेर चित्रपट शिल्लकच नाही.

टाउनच्या संहितेत गिटिसचं निवेदन होतं. जुन्या गुप्तहेरपटांची ती रीतच: पावसाळी रात्र, सिगारेट, आणि नायकाचा थकलेला आवाज गोष्ट सांगतोय. पोलान्स्कीनं ते निवेदन काढून टाकलं. निवेदन करणाऱ्याला गोष्टीचा शेवट माहीत असतो. या गिटिसला काहीच माहीत नसायला हवं होतं. म्हणून तो पावलापावलाला चुकतो. शहराच्या पाणीखात्याचा इंजिनिअर मुलरे, त्याची बायको म्हणून आलेल्या खोट्या बाईला खरी समजतो. मुलरेच्या घराच्या तळ्यात काहीतरी चकाकताना बघतो आणि सोडून देतो. पाणी खारं आहे हे माळी त्याला सांगतो, तेही त्याच्या डोक्यात फार उशिरा शिरतं. खरी मिसेस मुलरे, एव्हलिन, नवऱ्याची खुनी आहे या खात्रीनं तिला थोबाडतो आणि तिच्या तोंडून जे ऐकतो, त्यानं त्याची सगळी केस कोसळते. तिनं लपवून ठेवलेली कॅथरीन तिची बहीणही आहे आणि मुलगीही. दोघींचा बाप नोआ क्रॉस.

हुशारी दाखवणारे प्रसंगही आहेतच. मुलरेच्या गाडीच्या चाकाखाली स्वस्तातली घड्याळं ठेवतो, म्हणजे गाडी हलली की काटे थांबतील. नोंदणी कार्यालयात खोकल्याच्या आवाजाखाली पट्टीनं पान फाडतो. हे दोन्ही घ्यायचे. दोन्हीत एक अक्षरही न बोलता आपल्याला सगळं समजतं.

९ जून, रविवार

आता ‘द टू जेक्स’.

पहिल्या दहा मिनिटांतच निकल्सनचा आवाज सुरू झाला. वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: निवेदन. पोलान्स्कीनं दारातून हाकलेलं पोलान्स्की जाताच खिडकीतून आत आलं.

गोष्ट थोडक्यात लिहून ठेवतो, संहितेत लागेलच. साल १९४८. गिटिस आता सुस्थित आहे: स्वतःच्या मालकीची इमारत, गोल्फ क्लब, वाङ्‌निश्चय झालेला, पोटही सुटलेलं. जेक बर्मन नावाचा बिल्डर (हार्वी कायटेल) त्याच्याकडे येतो. बायकोला परपुरुषासोबत मोटेलमध्ये रंगेहाथ पकडायचंय, शेजारच्या खोलीतून ध्वनिमुद्रण करायचंय. धाड पडते आणि बर्मन त्या पुरुषाला गोळ्या घालतो. मेलेला माणूस निघतो बर्मनचाच धंद्यातला भागीदार. हा भावनेच्या भरात झालेला खून, की भागीदाराचा काटा काढायला रचलेला? सान फर्नांडो खोऱ्यातल्या त्यांच्या नव्या वसाहतीत पैसा भरपूर अडकलाय, आणि जमिनीखाली तेल आहे. मुद्रणावर पुसटसं एक नाव ऐकू येतं: कॅथरीन मुलरे.

इथे मी पॉज केलं. बर्मनच्या बायकोचं नाव किटी. किटी म्हणजे कॅथरीन. ती करणाऱ्या मेग टिलीचं वयही जुळतं. ज्यानं पहिला चित्रपट पाहिलाय त्याला हे दोन मिनिटांत कळतं. गिटिसला कळायला जवळजवळ अख्खा चित्रपट जावा लागतो.

म्हणजे नातंच उलटं झालं. पहिल्यात आपण गुप्तहेराबरोबर आंधळे होतो. दुसऱ्यात आपण त्याच्या पुढे चालतोय आणि तो मागून येईपर्यंत फाटकापाशी ताटकळतोय. त्यातून ज्याला सर्वांत उशिरा कळतं, तोच निवेदन करून सगळं आपल्याला समजावून सांगतो.

निबंधाचा कणा हाच. बाकीचं याला लटकवायचं.

१४ जून, शुक्रवार

छोटा प्रयोग. पहिला चित्रपट न पाहिलेल्या माणसाला दुसरा दाखवायचा. संकलक मैत्रिणीची मावशी तयार झाली. रहस्यकथा वाचण्यात तिचं आयुष्य गेलंय; खुनी कोण ते ती निम्म्यातच सांगते. मध्ये चहा, मध्ये एक फोन, तरी बाईंनी शेवटपर्यंत पाहिला.

तिचे शेरे जसेच्या तसे:

“अरे, हा जाडा सारखा कुणाची आठवण काढतोय?”

“तेलाचं काय ते नीट सांग बाई मला.” (हे तिनं पुन्हा पुन्हा विचारलं.)

“ती दुसरी बाई एवढी का किंचाळते?” म्हणजे मॅडलिन स्टो, मेलेल्या भागीदाराची विधवा. तिचे प्रसंग जणू दुसऱ्याच, विनोदी चित्रपटातून आलेत. मला ते आवडले. मावशीला नाही.

आणि शेवटी, चष्मा पुसत: “तो बिल्डर मात्र खरा वाटला हो. बिचारा.”

शेवटचा शेरा अधोरेखित करून ठेवला.

१६ जून, रविवार

मागची कहाणी. निबंधात हिला तीन मिनिटांपेक्षा जास्त द्यायची नाहीत, नाहीतर सगळा निबंध हॉलिवूडची भांडणं होऊन बसेल. पण भांडण खासच आहे.

हा चित्रपट १९८५ मध्येच व्हायचा होता. टाउन, एव्हन्स आणि निकल्सन यांनी आद्याक्षरं जुळवून ‘टेन’ नावाची कंपनी काढली. दिग्दर्शन टाउन करणार, गिटिस निकल्सन, आणि दुसरा जेक म्हणजे बर्मन करणार खुद्द एव्हन्स. एव्हन्स तरुणपणी नट होता. १९५० च्या दशकात थोडी कामं करून त्यानं अभिनय सोडला आणि पुढे पॅरामाउंटचं निर्मितीखातं सांभाळलं. म्हणजे पंचवीसेक वर्षं कॅमेऱ्यासमोर उभा न राहिलेला माणूस, शीर्षकात ज्याचं नाव आहे त्या भूमिकेत. चित्रीकरण तोंडावर आलं तेव्हा टाउनला वाटलं की हे जमणार नाही. एव्हन्सला काढायचं म्हणाला. निकल्सन एव्हन्सच्या बाजूनं उभा राहिला. पॅरामाउंटनं हात काढून घेतला, उभारलेले सेट वाया गेले आणि तीन मित्रांत वितुष्ट आलं.

मग १९८९ मध्ये निकल्सननं स्वतः दिग्दर्शन अंगावर घेऊन चित्रीकरण केलं. बर्मन आता कायटेल. प्रदर्शन नाताळावरून पुढे पुढे सरकत १९९० च्या ऑगस्टपर्यंत गेलं. अमेरिकेत गल्ला साधारण १ कोटी डॉलरचा. खर्चाच्या निम्माही नाही.

संकलक म्हणाली, “म्हणजे पडद्यावर जे दोन भागीदार, तेच पडद्यामागे.” वाक्य चांगलं आहे, पण ठेवायचं नाही. हा चित्रपट भागीदारीच्या फसवणुकीवर आहे हे खरं. पण संहिता भांडणाच्या आधीची आहे, तेव्हा दोन्हींचा संबंध आपण मागाहून जोडल्यासारखा होईल.

आणखी एक गोष्ट बाहेर ठेवतोय. निकल्सन ज्यांना बहीण समजत होता त्या त्याच्या आई होत्या, हे त्याला १९७४ मध्ये, ‘चायनाटाउन’च्याच वर्षी, एका पत्रकाराकडून कळलं. ‘बहीण–मुलगी’ प्रसंगाशेजारी हे ठेवलं की प्रेक्षक सुन्न होणार हे नक्की. पण त्यानं चित्रपटाबद्दल काहीच कळत नाही. नुसती शहारे आणणारी माहिती.

२० जून, गुरुवार

पन्नास वर्षं. अपेक्षेप्रमाणे सगळीकडे लेख. वाचायचे नाहीत असं ठरवलं होतं, तरी वाचले. दुसऱ्या भागाला बहुतेकांनी एक वाक्य दिलं. काहींनी तेही नाही.

अमेरिकी समीक्षक ईबर्टचं मत आठवणीनं संहितेत घातलं. १९९० मध्ये रॉजर ईबर्टनं याला चारपैकी साडेतीन तारे दिले होते. चित्रपट ‘वाईट’ आहे असं आपण म्हणत नाही, हे तिथेच स्पष्ट होईल. वाईट चित्रपटावर वीस मिनिटं कोण घालवतो? हा निराश करणारा चित्रपट आहे. ती वेगळी जात.

२२ जून, शनिवार

पाणी आणि तेल. आज दिवसभर यावरच.

पहिल्या चित्रपटामागचा इतिहास खरा, फक्त काळ हलवलेला. १९०५ च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या लोकांनी दूरच्या ओवेन्स खोऱ्यातली जमीन आणि पाण्याचे हक्क गुपचूप विकत घ्यायला सुरुवात केली. इंजिनिअर विल्यम मुलहोलंडनं बांधलेला २३३ मैलांचा जलमार्ग ५ नोव्हेंबर १९१३ ला खुला झाला. “ते बघा. घ्या,” हे त्याचं उद्घाटनाच्या वेळचं वाक्य प्रसिद्ध आहे. पाणी शहराला हवं म्हणून आणलं, पण त्याचा फायदा सान फर्नांडो खोऱ्यात आधीच स्वस्तात जमिनी घेऊन बसलेल्या बड्यांना झाला. १९१५ मध्ये ते खोरं शहरात सामील झालं. १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्री मुलहोलंडचंच सेंट फ्रान्सिस धरण फुटलं आणि चारशेच्या वर माणसं गेली. टाउननं हे सगळं उचलून १९३७ मध्ये ठेवलं. चित्रपटातला मुलरे दुसरं धरण बांधायला ठाम नकार देतो, कारण आधीचं फुटलेलं त्याच्या मानेवर आहे. पुण्यात हा संदर्भ समजावून सांगावा लागत नाही. १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं तो दिवस, इथे घराघरात माहीत आहे.

पाण्याची सोय ही, की ते दिसतं. दुष्काळ चाललाय, आणि रात्री समुद्राकडे जाणाऱ्या नाल्यातून पाणी धो धो सोडलं जातंय. गिटिसचे बूट भिजतात. गुन्हा काय आहे हे मावशीला एका चित्रात कळलं असतं.

दुसऱ्या भागात पाण्याच्या जागी तेल. कल्पना उत्तम आहे, शंकाच नाही. त्याच खोऱ्यात महायुद्धानंतर घरांच्या वसाहती उठतायत. १९४८ मध्ये तिथे खरोखरच डेअरीच्या कुरणांवर पॅनोरामा सिटी उभी राहत होती. वरती सैन्यातून परतलेल्यांसाठी टुमदार घरं, खाली तेल. शेजारचा तेलवाला तिरकं छिद्र पाडून दुसऱ्याच्या जमिनीखालचं तेल ओढतोय. जमीन हादरते, वायू वर झिरपतो.

पण गुन्हा जमिनीखाली आहे, नाहीतर कागदावर. कॅमेऱ्याला दोन्हीकडे करायला फारसं काही नाही. मग माणसं एकमेकांना समजावत बसतात. यातला मुख्य सांधा म्हणजे खनिज हक्क. कॅलिफोर्नियात जमिनीचा पृष्ठभाग एकाच्या नावावर आणि खालच्या खनिजाचा हक्क दुसऱ्याच्या नावावर असू शकतो. कॅथरीनची वडिलोपार्जित जमीन विकली गेली, खनिज हक्क मात्र तिच्याकडेच राहिले. आपल्या प्रेक्षकाला इथे अडखळायला होणारच, कारण सातबारा कुणाच्याही नावावर असो, खालचं तेल आपल्याकडे सरकारचं. मावशीचा पुन्हा पुन्हा आलेला प्रश्न हाच होता. पस्तीस सेकंदांचं रेखाचित्र करायचं: वर घर, मध्ये माती, खाली तेल, बाजूनं तिरकी नळी. खुद्द ‘द टू जेक्स’नं असं साधं चित्र एकदा जरी दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

आणि नोआ क्रॉस नाही. जॉन ह्यूस्टनचा तो गोड बोलणारा राक्षस गिटिसचं नाव मुद्दाम चुकीचं उच्चारत राहतो आणि प्रत्येक वेळी आपल्या पोटात गोळा येतो. इथला तेलवाला अर्ल रॉली, म्हणजे रिचर्ड फार्न्सवर्थ, गोड आहे आणि गोडच राहतो. त्याला भ्यावं असं वाटत नाही.

एक योगायोग कडेला लिहून ठेवतो, वापरणार नाही. २४ मार्च १९८५ ला लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स भागात जमिनीखालून झिरपलेल्या मिथेनचा कपड्यांच्या दुकानात स्फोट झाला. तेवीस लोक जखमी. त्याच वसंतात हा चित्रपट सुरू होऊन बंद पडत होता.

२६ जून, बुधवार

ध्वनिवाला भाऊ आज चेकाळला होता. चित्रपटातलं मोटेलमधलं मुद्रण टेपवर नाही, तारेवर आहे. १९४८ मध्ये घरगुती मुद्रणाला हेच यंत्र चालायचं. केसाएवढी पोलादी तार, सेकंदाला दोन फूट वेगानं मुद्रणशीर्षावरून सरकते. तासाभराच्या रिळात ७,२०० फूट, म्हणजे जवळपास सव्वादोन किलोमीटर तार. तुटली तर दोन टोकांना गाठ मारायची आणि पुढे चालू. गाठ सरकताना आवाज क्षणभर अडखळतो. गुंता झाला तर मात्र सोडवायच्या फंदात न पडता कापायची.

ही तार चित्रपटातली सर्वांत सुंदर वस्तू आहे. तिच्यामागे सगळे लागलेत: पोलीस, वकील, विधवा, गुंड. आणि तिच्यावर काय आहे? पहिल्या चित्रपटातलं एक नाव. गिटिस काय करतो, तर सुनावणीआधी तारेतून ते नाव गाळतो. पहिल्या चित्रपटात पुरावा शोधणारा माणूस दुसऱ्यात पुरावा कापणारा झालाय, तोही एका मुलीला वाचवण्यासाठी, जिला अकरा वर्षांपूर्वी वाचवू शकला नव्हता. ही कल्पना सोन्याची आहे. निकल्सननं ती एका हातावर ठेवून दाखवावी ना! तो ती गोल्फच्या खेळात, वकिलांच्या बोलण्यात आणि निवेदनात पुरून टाकतो.

या मोटेलच्या सापळ्याला कायद्याचीही बाजू आहे. तेव्हा घटस्फोट हवा तर जोडीदाराचा दोष सिद्ध करावा लागे आणि खाजगी गुप्तहेरांची रोजीरोटी त्यावरच होती. कॅलिफोर्नियात दोष न दाखवता घटस्फोट मिळू लागला १९७० पासून. टाउनच्या मनातला तिसरा भाग त्याच सुमारास, १९६८ मध्ये घडणार होता. गिटिसचा धंदाच बुडताना दिसला असता. तो भाग कधी झाला नाही, अर्थात दुसऱ्या भागाच्या निकालामुळेच.

भावानं माझ्या आवाजावर तारेचा परिणाम चढवून पाहिला: वरचे-खालचे सूर छाटले, थोडी थरथर. एकाच वाक्याला वापरायचं ठरलं. त्याला सगळ्याला हवं होतं.

३० जून, रविवार

पालख्या शहरात. सकाळपासून टाळ-मृदंग, स्पीकर, रस्ते बंद. निवेदन मुद्रित करायचा विचारही करू नये. संहिता घेऊन बसलो होतो, संकलक चालत आली आणि आल्या आल्या म्हणाली, “एक सांगू? तू वीस मिनिटं निवेदन करून निवेदनाला शिव्या घालणारेस.”

यावर उत्तर सुचलं नाही. व्हिडिओ-निबंध म्हणजे चित्रांवरून कुणीतरी बोलणं. शेवट माहीत असलेल्या माणसाचा आवाज. माझाच.

वारकऱ्यांना पोहे-चहा देऊन झाल्यावर पुन्हा बसलो. ठरलं असं: मध्यभागी तीन मिनिटं मी गप्प. डावीकडे ‘चायनाटाउन’, उजवीकडे ‘द टू जेक्स’. डावीकडे घड्याळं, पट्टीनं फाटणारं पान, भिजलेले बूट. उजवीकडे गिटिस खुर्चीत बसून ऐकतोय, गाडीत बसून ऐकतोय, उभा राहून ऐकतोय. डावीकडचा आवाज पूर्ण बंद, उजवीकडचा चालू. लोकांनी स्वतः बघावं.

३ जुलै, बुधवार

सकाळी उठलो तर बातमी. रॉबर्ट टाउन गेले. १ जुलैला, लॉस एंजेलिसमध्ये, वय ८९.

‘चायनाटाउन’ला अकरा ऑस्कर नामांकनं होती, मिळालं एकच, त्यांच्या पटकथेला. त्या पटकथेचा शेवट पोलान्स्कीनं त्यांच्या मनाविरुद्ध बदलला होता. त्यांना एव्हलिन जगायला हवी होती. अख्ख्या जगानं डोक्यावर घेतलेला तो काळाकुट्ट शेवट त्यांचा नव्हताच.

हे माहीत होतं, पण आज दुसऱ्या भागाकडे वेगळ्या नजरेनं पाहावंसं वाटलं. कॅथरीन वाचते. क्रॉसच्या तावडीत गेलेल्या मुलीला एक नवरा मिळतो, जो तिच्यासाठी मरतो. टाउन सोळा वर्षांनी आपला हिरावलेला शेवट परत मागत होते का? संहितेत एवढाच प्रश्न टाकला, उत्तर नाही. वर्तमानकाळी क्रियापदं बदलावी लागली: ‘टाउन म्हणतात’चं ‘म्हणत’. श्रद्धांजलीची पाटी नको, असं तिघांचंही मत पडलं. व्हिडिओ आधीच चालू होता. मेल्यावर कौतुकाला आल्यासारखं व्हायला नको.

६ जुलै, शनिवार

रफ कट. अडचण आलीच. ‘चायनाटाउन’ रुंद पडद्याचा, ‘द टू जेक्स’ची चौकट त्यामानानं उभट. शेजारी ठेवले की एक पट्टीसारखा आणि दुसरा खिडकीसारखा. कापून सारखे करणं मला पटेना: ‘चायनाटाउन’चा छायालेखक जॉन अलोन्झो, त्याच्या चौकटीत कडेला जे रिकामं ठेवलंय तेच तर बघायचंय. उंची वेगळी ठेवली, काळी जागा तशीच सोडली. दिसायला ओबडधोबड, पण खोटं नाही.

शेजारी ठेवल्यावर रंगही बोलू लागले. पहिल्यात भगभगीत ऊन, धुळकट पिवळं, दुपारचं शहर. दुसऱ्यात छायालेखक विल्मोश झिगमंडनं प्रत्येक चौकट मधात बुडवलीय. सुंदर आहे, फार सुंदर. आठवणीतलं लॉस एंजेलिस असं असावं. पण त्या शहरात आज गुन्हा घडतोय असं वाटत नाही.

संगीताचंही तेच. पहिल्या भागाच्या संगीताला जेरी गोल्डस्मिथकडे दहा दिवस होते, कारण आधीचं संगीत रद्द झालं होतं. चार पियानो, चार हार्प, तंतुवाद्यं, तालवाद्यं आणि एकच ट्रम्पेट. दुसऱ्या भागात व्हॅन डाइक पार्क्सचं संगीत कानाला गोड लागतं. चित्रपट संपल्यावर ते मला गुणगुणता आलं नाही. हे मत आहे, तसंच म्हणून ठेवलंय.

क्लिपांची लांबी कमी केली. समीक्षेसाठी रास्त वापराला आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये जागा आहे, पण अपलोड केल्यावर आधी यंत्र पकडतं आणि माणूस मागाहून विचार करतो.

११ जुलै, गुरुवार

कायटेलचा भाग. यासाठी चार मिनिटं मागितली, साडेतीन मिळाली.

चित्रपट जिथे जिवंत आहे, ती जागा म्हणजे हा दुसरा जेक. बर्मनला कर्करोग आहे, त्याला माहीत आहे, आणि त्यानं ते सगळ्यांपासून लपवलंय. खून का केला, पैसा कुणासाठी हवाय, सगळं त्या एका गोष्टीशी येऊन मिळतं. कायटेल हे डोळ्यांतून खेळतो, बोलण्यातून नाही. शेवटी वायूनं भरलेल्या स्वतःच्याच नमुना घरात तो सिगारेट पेटवतो. बांधलेलं घर, खालची जमीन, कमावलेलं सगळं, एका काडीत. त्या प्रसंगाला निवेदन नाही. मी शोधलं, नाही.

गिटिसला कुणी काही सांगायच्या आत हा माणूस निर्णय घेऊन मोकळा होतो. पहिल्या चित्रपटातलं भय इथे अर्धा मिनिट परत येतं: आपण उशिरा पोहोचलोय. मावशीला बरोबर कळलं होतं.

मग संहितेची मांडणी उलटी केली. निवेदनाचा दोष आधी, बर्मन शेवटी. ‘का फसला’वर संपवायच्या ऐवजी जिथे फसला नाही तिथे संपवायचं.

१३ जुलै, शनिवार

निवेदन मुद्रित. भर दुपारी, पंखा बंद, खिडक्या बंद. मधली मूक तीन मिनिटं संकलकानं दोन वीसवर आणली. भाव खाऊन म्हणाली, “तीन मिनिटं कुणी थांबत नाही रे.” मान्य.

शेवटचा परिच्छेद मात्र भांडणात गेला. मी उत्तरार्ध का काढावेत आणि का काढू नयेत यावर बरंच लिहिलं होतं. तिनं तो सबंध उडवला आणि स्फोटानंतरच्या धुरावर थेट श्रेयनामावली टाकली. मी म्हटलं, फार अचानक संपतं. भाऊ म्हणाला, दोन्ही आवृत्त्या मावशीला दाखवा. मावशी गावाला गेलीय, सोमवारी येते.

तोवर बाकी: रेखाचित्रातली तिरकी नळी सरळ दिसतेय, ती दुरुस्त करणं, ‘मुलरे’ आणि ‘मुलहोलंड’ उपशीर्षकांत दोन ठिकाणी उलटसुलट झालेत, ते बघणं, रहस्यभेदाची पाटी निदान पाच सेकंद ठेवणं, एक्स्पोर्ट.